‘हरकती व सूचना’ : नगररचनेच्या मराठीतील एका शब्दबंधाची चिकित्सा

१

राज्यकारभाराची मराठी घडविण्याचे प्रयत्न वेळोवेळी झालेले आहेत. शिवकालात रघुनाथपंत हणमंते ह्यांनी सिद्ध केलेला ‘राज्यव्यवहारकोश’, बडोद्यास सयाजीराव गायकवाड ह्यांच्या प्रेरणेने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘शासनशब्दकल्पतरु’ आणि १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे कोश हे त्यातील ठळक टप्पे होत. ह्या प्रयत्नांची चर्चा मात्र बव्हंशी शब्दापुरती राहिली. शब्द संस्कृत असावा की फारसी, रूढ असावा की नवा, सोपा असावा की नेमका, एवढ्याच प्रश्नांभोवती ती फिरत आली. शासनाची भाषा ही शब्दांच्या यादीहून पुष्कळ अधिक असते. कोणी कोणाशी कोणत्या नात्याने बोलावे, कोणते क्रियापद कोणाच्या वाट्यास यावे, वाक्यातील कर्ता कोठे दिसावा आणि कोठे दडावा, हेही ती ठरवीत असते.

ह्या दृष्टीने ‘हरकती व सूचना’ हा शब्दबंध तपासण्याजोगा आहे. शहराचा विकास आराखडा असो, रस्त्याचे रुंदीकरण असो वा जुन्या पेठेची फेररचना असो, लोकांचे मत घेण्याचा प्रसंग आला की मराठी जाहीर सूचनेत हाच शब्दबंध येतो. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेल्या आणि चौदा तालुक्यांत पसरलेल्या अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) ह्या विषयाला विशेष महत्त्व आले आहे. नगर शहरात २००३ मध्ये महानगरपालिका आली; २०२२ मध्ये शहरातील उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला; त्याच वर्षाच्या अखेरीस कोपरगाव तालुक्यातून जाणारा समृद्धी महामार्ग नागपूरपासून शिर्डीपर्यंत सुरू झाला; सुरत–चेन्नई महामार्गाची आखणी राहुरी व नगर तालुक्यांतून झाली. रस्त्यांविषयीचे निर्णय ज्या वेगाने होत आहेत, त्या मानाने त्या निर्णयांविषयी लोकांना कोणत्या शब्दांत बोलता येते, ह्याचा विचार झालेला नाही.

२

प्रथम ह्या शब्दबंधाचे कायद्यातील स्थान पाहिले पाहिजे. मुंबई इलाख्यात नगररचनेचा कायदा १९१५ मध्ये झाला. १९५४ च्या कायद्याने नगरपालिकांवर विकास आराखडा तयार करण्याचे बंधन घातले. आज लागू असलेला महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा आहे. त्याच्या कलम २६ प्रमाणे आराखड्याचे प्रारूप तयार झाल्यावर राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध करावयाची आणि हरकती व सूचना मागवावयाच्या असतात. मुंबई वगळता ह्याची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे. कलम २८ प्रमाणे आलेल्या हरकती व सूचना नियोजन समितीपुढे जातात. ह्या समितीत प्राधिकरणाचे तीन सभासद आणि बाहेरून नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असतात. समितीने संबंधितांचे ऐकून अहवाल द्यावयाचा आणि प्राधिकरणाने तो विचारात घेऊन, स्वतःस योग्य वाटेल त्याप्रमाणे, आराखड्यात बदल करावयाचा, असा हा क्रम आहे. पुढे शासनाने मंजुरीच्या वेळी सारभूत स्वरूपाचे फेरबदल सुचविले, तर त्यांवरही पुन्हा हरकती व सूचनाच मागविल्या जातात.

ह्या तरतुदींतील तीन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. पहिली, प्रारूपावर लोकांनी बोलावयाचे ते प्रारूप तयार झाल्यानंतर. दुसरी, कलम २८ मध्ये बोलण्याचा अधिकार ‘कोणत्याही व्यक्तीस’ आहे. ती मिळकतदार असली पाहिजे अशी अट तेथे नाही. तिसरी, हरकत घेणाऱ्यास कारणासहित उत्तर देण्याचा उल्लेख त्या कलमात आढळत नाही. ह्यांपैकी दुसरी गोष्ट उदार आहे. पुढील विवेचनाचा मुख्य मुद्दा असा की, कायद्याने दिलेली ही उदारता सूचनेच्या मराठीत पोहोचेपर्यंत आकसते.

३

‘हरकत’ हा शब्द मूळ अरबी. त्याचा धात्वर्थ ‘हालचाल, गती’. अरबी लेखनात व्यंजनावरील स्वरचिन्हासही हेच नाव आहे. हिंदीत त्याला ‘कृती’ व पुढे ‘खोडसाळ कृती’ असा अर्थ आला. संगीताच्या परिभाषेत हरकत म्हणजे स्वरांची चपळ, शोभादायक हालचाल. सामान्य मराठीत मात्र हा शब्द जवळजवळ उलट टोकास गेला आणि ‘अडथळा, आडकाठी, आक्षेप’ ह्या अर्थाने स्थिर झाला. मोल्सवर्थच्या कोशातही अडथळ्याचाच अर्थ प्रमुख आहे. जी गती होती ती खोळंबा झाली.

ह्या अर्थांतराचा परिणाम ‘हरकत नाही’ ह्या प्रयोगात दिसतो. मराठी माणूस संमती देताना बहुधा ‘होय’ म्हणत नाही, ‘हरकत नाही’ म्हणतो. ही संमती अभावात्मक आहे. तिच्यात इच्छा नाही, केवळ विरोधाचा अभाव आहे. प्रशासनाने तिला ‘ना हरकत प्रमाणपत्र’ असे लेखी रूपही दिले. ज्या भाषेत संमतीचे रूढ रूप ‘हरकत नाही’ हे आहे, त्या भाषेत ‘हरकती मागविल्या’ आणि ‘हरकती आल्या नाहीत’ ह्या दोन वाक्यांमधून ‘लोकांची संमती आहे’ हे तिसरे वाक्य आपोआप निघते. ज्याला सूचना वाचता आली नाही, वाचून कळली नाही, किंवा कळूनही अर्ज लिहिता आला नाही, तोही ‘हरकत नाही’ असे म्हणालेल्यांत मोजला जातो.

दुसरा परिणाम बोलणाऱ्याच्या प्रतिमेवर होतो. हरकत घेणारा हा व्यवहारात आडवे येणारा समजला जातो. रस्ता होऊ घातला आहे आणि कोणी तरी त्याला हरकत घेतली, असे म्हणताच ऐकणाऱ्याची सहानुभूती रस्त्याकडे जाते. वस्तुतः हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ‘रस्ता करूच नका’ असे नसून ‘कडेने चालणाऱ्यासाठी व सायकलीसाठी जागा ठेवा’ एवढेच असू शकते. परंतु त्याला ज्या सदराखाली बोलावे लागते, त्या सदराचा अर्थच आडकाठी असा आहे.

४

दुसरे सदर ‘सूचना’. हा शब्द संस्कृत. दाखविणे, निर्देश करणे हा त्याचा मूळ अर्थ. आधुनिक मराठीत त्याचे तीन अर्थ रूढ आहेत. ‘जाहीर सूचना’ ही अधिकाऱ्याकडून प्रजेस दिलेली वर्दी. ‘परीक्षार्थींसाठी सूचना’ ह्या पाळावयाच्या आज्ञा. आणि ‘काही सूचना असल्यास कळवा’ ह्यातील सूचना म्हणजे नम्रपणे पुढे केलेला विचार. इंग्रजीत नोटिस, इन्स्ट्रक्शन आणि सजेशन असे तीन निरनिराळे शब्द आहेत. मराठीत एकाच शब्दाने तिन्ही कामे होतात आणि त्यांतील भेद बोलण्याच्या दिशेवरून ठरतो. वरून खाली आली की सूचना आज्ञा होते. खालून वर गेली की विनंती होते.

आराखड्याच्या जाहिरातीत हा शब्द दोन्ही दिशांनी येतो. मथळ्यात ‘जाहीर सूचना’ आणि मजकुरात ‘सूचना मागविण्यात येत आहेत’. शब्द एकच असला तरी त्याच्याबरोबर येणारी क्रियापदे सारखी नाहीत. अधिकारी सूचना देतो, काढतो, प्रसिद्ध करतो. नागरिक सूचना करतो, मांडतो, पाठवितो. दिलेली सूचना पाळावी लागते; केलेली सूचना ‘विचारात’ घेतली जाते. त्याचप्रमाणे ‘मागविणे’ हे क्रियापदही लक्षणीय आहे. निविदा मागवितात, अर्ज मागवितात, माल मागवितात. मागविणाऱ्याची गरज आधीच ठरलेली असते; येणाऱ्या वस्तूने ती गरज बदलावयाची नसते. विचारविनिमयास आवश्यक असलेली परस्परता ह्या क्रियापदात नाही.

सार्वजनिक मराठीत परस्परतेची रूपे मुळीच नाहीत असे मात्र नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी पुण्याहून नगरला आली. त्याच सेवेच्या फलकांवर ‘विनंती थांबा’ हे शब्द खेड्यापाड्यांत रुळले. त्या खांबाजवळ उभे राहून हात वर करणाऱ्याची कृती हीच त्याची विनंती ठरते, आणि गाडी थांबते किंवा थांबत नाही हे तेथल्या तेथे कळते. विनंती अमान्य झाली तरी ती अमान्य झाल्याचे तिला उत्तर मिळते. हरकतींच्या बाबतीत एवढेही निश्चित नसते.

५

आता वाक्यरचनेकडे वळावयास हवे. अशा जाहिरातींतील बहुतेक वाक्ये ‘-ण्यात येते’ ह्या साच्यातली असतात : ‘कळविण्यात येते’, ‘ठेवण्यात आला आहे’, ‘मागविण्यात येत आहेत’, ‘विचार करण्यात येणार नाही’. ह्या रचनेत कर्ता व्याकरणदृष्ट्या अवश्य नसतो. ‘कडून’ लावून तो आणता येतो, परंतु सहसा आणला जात नाही. कारभाराची व्यक्तिनिरपेक्षता दाखविण्यासाठी हा साचा उपयुक्त आहे, हे खरेच. पण त्याचा वापर एकाच पक्षापुरता होतो. प्राधिकरणाच्या सर्व कृती कर्त्यावाचून घडतात आणि नागरिकाच्या सर्व कृतींना मात्र कर्ता, मुदत, पत्ता व सही लागते. ‘आराखडा तयार करण्यात आला आहे’ ह्या वाक्याला ‘कोणी?’ असा प्रश्न विचारता येत नाही. ‘हरकत कोणी घेतली?’ हा प्रश्न मात्र अर्जाच्या पहिल्याच ओळीत विचारलेला असतो.

नागरिकाचे वर्णन करणारा शब्द ‘बाधित’ हा आहे. बोलीत ‘बाधा’ विषाची होते, रोगाची होते, भुताची होते. कारभारात ती रस्त्याची होते. अमुक गट क्रमांक वा सिटी सर्व्हे क्रमांक रस्त्याने बाधित होतो, असे म्हटले जाते. बाधा मिळकतीस होते, माणसास होते ती मिळकतीच्या द्वारा. त्यामुळे हरकतीच्या अर्जातही मिळकतीचा तपशील हाच मध्यवर्ती ठरतो. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ तर ह्याबाबत स्पष्टच आहे. त्यातील कलम ३-ग प्रमाणे हरकत घ्यावयाची ती जमिनीत हितसंबंध असलेल्याने, अधिसूचनेपासून २१ दिवसांत. राहुरीच्या शेतकऱ्यास ह्या तरतुदीने निदान एक आवाज मिळतो. परंतु त्याच रस्त्याला ओलांडून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या नावावर जमीन नसते.

सायकलस्वाराची स्थिती ह्याहून विचित्र आहे. भिंगारहून नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत सायकलीने कामास जाणारा एखादा कामगार कल्पावा. भिंगार छावणीचा कारभार कॅन्टोन्मेंट कायद्याखाली चालत आलेला, पुढे शहरातील रस्ता महानगरपालिकेचा, त्यापुढे महामार्ग. त्याचा रोजचा प्रवास एकच, पण तो तीन कायद्यांच्या हद्दींतून जातो, आणि प्रत्येक हद्दीतील जाहिरात निराळी, निराळ्या तारखेची. नकाशा ‘कार्यालयीन वेळेत’ पाहावयास ठेवलेला असतो. त्या वेळेत तो पाळीवर असतो. त्याचा एकही गट क्रमांक बाधित होत नाही. १९६६ च्या अधिनियमातील कलम २२ मध्ये आराखड्याच्या विषयांत रस्ते, महामार्ग, लोहमार्ग, जलमार्ग, कालवे, विमानतळ ह्यांची गणना आहे; सायकलीचा व पायवाटेचा स्वतंत्र उल्लेख तेथे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने रस्त्याच्या जागेची वाटणी वाहनांकडे पाहून न करता माणसांकडे पाहून करावी असे तत्त्व मांडले. पण धोरणातील हा ‘माणूस’ जाहीर सूचनेच्या भाषेत अजून आलेला नाही. तेथे मिळकत आहे आणि बाधा आहे. कामगाराला जे सांगावयाचे आहे ते हरकतीच्या साच्यात बसत नाही, कारण त्याचे काही घेतले जाणार नाही. सूचनेच्या साच्यात बसते, पण त्या साच्याला वजन नाही.

६

लेखी अर्जानंतर ‘सुनावणी’ येते. ‘सुनावणे’ हे हिंदीच्या वळणाचे प्रयोजक क्रियापद असून त्याचा मूळ अर्थ ‘ऐकविणे’ असा आहे. मराठी बोलण्यात ‘चांगलेच सुनावले’ म्हणजे खरडपट्टी काढली. शब्दाच्या घडणीत ऐकविणारा आहे, ऐकणारा नाही. मराठीने स्वतः ‘ऐकणे’ ह्या धातूत एक सूक्ष्म भेद केलेला आहे. ‘त्याने माझे ऐकले’ म्हणजे मानले. ‘त्याने माझे ऐकून घेतले’ म्हणजे मी बोलत असता तो गप्प राहिला. ‘घेणे’ ह्या सहायक क्रियापदाने कृती ऐकणाऱ्यापाशीच संपते. सुनावणीहून परतणाऱ्या माणसास ‘काय झाले?’ असे विचारले असता ‘ऐकून घेतले’ हे जे उत्तर मिळते, त्यात ह्या पद्धतीचे पुरेसे नेमके वर्णन आहे. कलम २८ मधील तरतूदही, तिचा अर्थ कितीही काळजीपूर्वक लावला तरी, ऐकून घेण्याच्या पलीकडे कोणास बांधीत नाही.

७

येथे तुलनेसाठी तीन उदाहरणे घेता येतील. पहिले मराठेशाहीतील महजराचे. गोतसभेपुढे वतनाचा वा शिवेचा वाद निवडला की महजर होई. वि. त्र्यं. गुणे ह्यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या ग्रंथात (१९५३) ह्या संस्थेचा सविस्तर अभ्यास केला आहे. ‘महजर’ ह्या अरबी शब्दाचे नाते ‘हजर’ ह्या शब्दाशी आहे. त्याच्या मुळाशीच उपस्थिती आहे. निर्णयपत्रात ‘हाजीर मजालस’ म्हणून उपस्थितांची नावे येत. पाटलाच्या नावापाशी नांगराची निशाणी, बलुतेदारांच्या नावांपाशी आपापल्या धंद्याच्या हत्याराची. ज्याला लिहिता येत नव्हते तोही निर्णयाच्या कागदावर दिसत असे. ह्या सभेचा गौरव करताना तिच्या मर्यादा विसरता कामा नयेत : ती वतनदारांची व पुरुषांची सभा होती, आणि गावकुसाबाहेरच्यांचे स्थान तेथेही बाहेरच होते. परंतु निर्णय आणि तो घेताना हजर असलेली माणसे ह्यांना एकाच कागदावर आणणारा लेखनप्रकार मराठीजवळ होता, एवढे त्यावरून सिद्ध होते.

दुसरे उदाहरण जिल्ह्यातलेच. नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे १९८९ पासून पोपटराव पवार ह्यांच्या पुढाकाराने गावाचा जो कायापालट झाला त्याचे साधन ग्रामसभा हे होते. शेतीसाठी विंधनविहिरी न घेणे, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविणे, हे निर्णय ग्रामसभेत झाले. ग्रामसभेच्या भाषेतील मुख्य शब्द ‘ठराव’ हा आहे. ठराव मांडला जातो, त्यास अनुमोदन मिळते, तो मंजूर वा नामंजूर होतो. बोलणारा येथे ठरविणाऱ्यांपैकी एक असतो. प्रत्येक ग्रामसभा हिवरे बाजारची नसते आणि पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच भरते. तरीही तिची भाषा सहभागास वाव देणारी आहे. चार-पाचशे घरांचे गाव आणि लाखांच्या वस्तीचे शहर ह्यांत अंतर असणारच; पण शहरात गेल्याबरोबर ठरविणारा माणूस हरकत घेणारा का व्हावा, ह्याचे उत्तर केवळ लोकसंख्येत मिळत नाही.

तिसरे उदाहरण इंदूरचे. जामखेड तालुक्यातील चौंडी हे अहिल्यादेवींचे जन्मस्थान. त्या होळकरांच्या इंदूरसाठी पॅट्रिक गेडिस ह्या स्कॉटिश नगररचनाकाराने १९१८ मध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. तेथे असता त्याने दिवाळीत नगरस्वच्छतेची मिरवणूक काढली आणि ज्या रस्त्यांवरची घरे लोक झाडून दुरुस्त करतील त्या रस्त्यांवरून ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी घरे सारवून व रस्ते झाडून त्यास उत्तर दिले, आणि मिरवणुकीच्या मार्गाने त्या उत्तरास प्रत्युत्तर दिले. हा संस्थानी उत्सव होता, लोकशाही प्रक्रिया नव्हे. परंतु आराखडा करणारा व राहणारा ह्यांच्यातील संभाषण त्यात दोन्ही बाजूंनी चालले होते.

८

ह्या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. कायद्याच्या भाषेस निश्चितपणा हवा. ‘हरकत’ हा शब्द रूढ आहे, सर्वांना समजतो, आणि त्याच्याच बळावर अनेकांनी आपली घरे व शेते वाचविली आहेत. तो काढून टाकल्यास हक्कच दुबळा होईल. ह्या आक्षेपात तथ्य आहे. आडकाठी करण्याचा अधिकार हा नागरिकाचा मोलाचा अधिकार असून ‘सहभाग’, ‘संवाद’ ह्यांसारख्या गुळगुळीत शब्दांच्या मोबदल्यात तो देऊन टाकणे शहाणपणाचे होणार नाही. तेव्हा ‘हरकत’ राहावी. मात्र बोलण्याचे ते एकमेव वजनदार दार असू नये.

त्यासाठी नवा शब्द घडविण्याचीही गरज नाही. महाराष्ट्रातील न्यायालयांत ‘म्हणणे’ हा शब्द कित्येक पिढ्या पारिभाषिक म्हणून वावरत आहे. पक्षकार आपले ‘म्हणणे’ दाखल करतो आणि न्यायालयास त्याची दखल घ्यावी लागते. हा शब्द देशी आहे, आडकाठी वा विनवणी ह्यांपैकी कोणताच भाव त्यात नाही, आणि तो मिळकतीशी बांधलेला नाही. ‘हरकती, सूचना व म्हणणे’ एवढा बदल केला तरी भिंगारच्या कामगारास आपला रोजचा रस्ता वर्णन करावयास एक सदर मिळेल, आणि कलम २८ मधील ‘कोणतीही व्यक्ती’ मराठीत प्रथमच दिसू लागेल. दुसरे, ‘-ण्यात येते’ ह्या साच्याऐवजी आराखडा कोणी केला, म्हणणे कोण ऐकणार आणि उत्तर कोण देणार, ही तीन वाक्ये तरी सकर्तृक असावीत. तिसरे, सुनावणीच्या अहवालात महजराप्रमाणे उपस्थितांची नावे, प्रत्येकाचे म्हणणे व त्यावरील उत्तर एकत्र छापावे. उत्तर नकाराचे असले तरी चालेल; ते कागदावर असावे.

ह्यांपैकी पहिल्या दोन गोष्टी केवळ भाषेच्या आहेत. त्यांसाठी कायदा बदलावा लागत नाही. तिसरीस कायद्याची आडकाठी नाही, रूढीची आहे. चौदाही तालुक्यांतील नगरपालिका, महानगरपालिका व महामार्ग प्राधिकरण ह्यांच्या जाहीर सूचनांचा कालानुक्रमे संग्रह करून त्यांतील क्रियापदांची व कर्त्यांची गणना करणे हे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातले आहे. प्रस्तुत चिकित्सेतील विधाने त्या सामग्रीवर तपासली जावयास हवीत.